मातीची गाडी, सोन्याची गाडी आणि ठोकळ्यांची गाडी

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाला नांव मिळालें तें नायकावरून नव्हे, कीं नायिकेवरूनहि नव्हे. तें मिळालें एका लहान मुलाच्या खेळण्यावरून. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी घेऊन खेळत होता. ज्याची गाडी त्यानें ती परत नेली. चारुदत्ताच्या घरीं दारिद्र्य. तेव्हां रदनिका दासीनें मातीची गाडी करून रोहसेनाच्या हातीं दिली. मुलगा रडूं लागला. त्याला सोन्याचीच गाडी हवी होती. वसंतसेनेला तें रडणें पाहवेना. तिनें अंगावरचे अलंकार उतरवून त्या मातीच्या गाडींत भरले आणि यांची सोन्याची गाडी करून घे, असें त्याला सांगितलें. पुढें तेच अलंकार भर न्यायसभेंत विदूषकाच्या काखेंतून खालीं पडले आणि वसंतसेनेच्या खुनाचा चारुदत्तावरील आळ अधिकच घट्ट झाला. मुलाच्या समाधानासाठीं दिलेली देणगी बापाला वधस्थानापर्यंत घेऊन गेली.

मराठी माणसाला ही कथा परकी नाहीं. गोविंद बल्लाळ देवल यांनीं गेल्या शतकाच्या मागील शतकांत तिला संगीत नाटकाचें रूप दिलें. १९४२ सालीं ती 'वसंतसेना' या बोलपटांतून पडद्यावर आली आणि १९८४ सालीं गिरीश कर्नाडांच्या 'उत्सव' या हिंदी चित्रपटांत पुन्हां दिसली. खेळण्यांतील गाडी अशी आधीं रंगभूमीवर आणि नंतर चित्रपटांत गेली. आतां प्रवास उलट दिशेनें होत आहे. चित्रपटांतील गाड्या पडद्यावरून उतरून खेळण्यांच्या पेट्यांत येऊन बसल्या आहेत.

पुण्यांतील कर्वेनगरांत एखाद्या घरीं नातवाचा आठवा वाढदिवस जवळ येतो. नातवानें चित्रपटांत एक मोटार पाहिलेली असते, आणि तिचा ठोकळ्यांचा संच दुकानांत मिळतो हेंहि त्याला पक्कें ठाऊक असतें. आजोबा दुकानांत जातात, पेटी हातांत घेतात, किंमत वाचतात आणि क्षणभर थबकतात. त्यांच्या मनांतील शंका केवळ पैशाची नसते. हें खेळणें म्हणावयाचें कीं चित्रपटाची जाहिरात? मूल यांतून स्वतः कांहीं निर्माण करणार, कीं छापील पुस्तिकेंतील आज्ञा एकामागून एक पाळणार? नातवाच्या हातीं आपण सोन्याची गाडी देत आहों कीं मातीची? या शंकेचें उत्तर दुकानदारापाशीं नसतें. तें थोडेंफार इतिहासापाशीं आहे. आणि योगायोग असा कीं, त्या इतिहासाचा एक धागा कर्वेनगराच्या नांवाशींच येऊन मिळतो.

कर्वेनगर म्हणजे पूर्वींचें हिंगणे बुद्रुक. १८९६ सालीं पुण्यांत स्थापन झालेला अनाथ बालिकाश्रम धोंडो केशव कर्वे यांनीं १९०० सालीं या गांवच्या माळावर एका झोंपडींत आणला. पुढें तेथें महिला विद्यालय उभें राहिलें आणि १९१६ सालीं महिलांचें विद्यापीठ निघालें. विद्यापीठाचा वाढता संसार चालविण्यासाठीं आणि त्याची माहिती जगाला देण्यासाठीं अण्णासाहेब कर्वे १९२९ च्या मार्च महिन्यांत परदेशीं निघाले. त्या वेळीं त्यांचें वय सत्तरीच्या पुढें होतें. इंग्लंड आणि जिनीव्हा येथील सभा आटोपून ते ऑगस्टमध्यें डेन्मार्कमधील एल्सिनोर येथें गेले. तेथें ८ ते २१ ऑगस्टपर्यंत नवशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. मारिया माँटेसोरी यांच्या शिक्षणपद्धतीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदहि त्याच गांवीं आणि त्याच महिन्यांत झाली.

त्या काळच्या नवशिक्षणाचा मुख्य विचार थोडक्यांत सांगतां येईल. मूल ऐकून जेवढें शिकतें त्याहून हातानें करून अधिक शिकतें, हा तो विचार. त्याची बैठक त्यापूर्वीं जवळजवळ शंभर वर्षें घातली गेली होती. जर्मनींतील फ्रेडरिक फ्रोबेल यानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें बालशाळा सुरू केली आणि लहान मुलांसाठीं खेळण्याच्या साधनांची एक मालिका तयार केली. या साधनांना त्यानें जें नांव दिलें त्याचा अर्थच 'देणग्या' असा होतो. पहिली देणगी लोंकरीच्या मऊ चेंडूंची. दुसरींत लांकडी गोल, घन आणि दंडगोल. तिसरी देणगी म्हणजे एक लांकडी घन. परंतु तो अखंड नव्हे, आठ लहान घनांचा मिळून झालेला. मुलानें तो उकलावा, त्यांतून खुर्ची करावी, पायऱ्या कराव्या, कमान उभारावी आणि शेवटीं सगळे तुकडे जुळवून पुन्हां पेटींत ठेवावे. अमेरिकेंतील विख्यात वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट याच्या आईनें १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनांत हीं साधनें पाहून मुलासाठीं आणलीं. आणि त्या ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांत शेवटपर्यंत राहिला, असें राइट म्हातारपणींहि सांगत असे.

येथें देणगीची कल्पनाच बदललेली दिसेल. वसंतसेनेनें दिली ती मौल्यवान वस्तु. फ्रोबेलनें दिली ती अपुरी वस्तु. ती पुरी करण्याचें काम घेणाऱ्याकडे राहिलें.

कर्वे एल्सिनोरला आले त्या वेळीं त्याच देशाच्या पश्चिम भागांत, जटलंडमधील बिलुंड या खेड्यांत, ओले कर्क ख्रिश्चनसेन नांवाचा एक सुतार आपला कारखाना चालवीत होता. घरांच्या चौकटी, दारें, कपाटें हा त्याचा व्यवसाय. थोड्याच दिवसांत जगभर मंदीची लाट आली. शेतकऱ्यांपाशीं पैसा नाहीं, म्हणून नवीं घरें नाहींत. आणि घरें नाहींत, म्हणून सुताराला काम नाहीं. १९३२ सालीं ओले कर्कनें उरल्या लांकडांतून इस्तरीचे पाट, शिड्या आणि मुलांचीं खेळणीं करण्यास आरंभ केला. चाकांवरचीं बदकें, आगगाड्या आणि मोटारी हीं त्याचीं पहिलीं खेळणीं. कोंकणांतील सावंतवाडीच्या चितारआळींत बसून रंगीत लांकडी बैलगाडी करणारा कारागीर आणि बिलुंडचा हा सुतार यांच्यांत त्या दिवशीं फारसें अंतर नव्हतें. १९३४ सालीं त्यानें आपल्या कारखान्यासाठीं एक नांव योजिलें. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डेन्मार्की शब्दांचीं आद्याक्षरें जोडून तें बनलें होतें. तें नांव लेगो.

दुसरें महायुद्ध संपल्यावर ओले कर्कनें प्लॅस्टिक ओतण्याचें यंत्र विकत घेतलें. खेड्यांतील सुतारानें असल्या यंत्रांत पैसा घालावा, हें घरच्या मंडळींना मुळींच पसंत नव्हतें. इंग्लंडांत हिलरी फिशर पेज यानें एकमेकांवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा नुकत्याच बाजारांत आणल्या होत्या. त्यांचे नमुने पाहून बिलुंडच्या कारखान्यानें १९४९ सालीं तशाच विटा काढल्या. हा ऋणाचा भाग पेटीवर छापलेला नसतो, पण इतिहासांत त्याची नोंद केली पाहिजे. आरंभींच्या विटा पोकळ होत्या. त्या एकमेकींवर बसत, पण घट्ट धरून राहत नसत. मुलानें मनोरा उचलला कीं तो हातांतच ढासळे. या दोषावर ओले कर्कचा मुलगा गॉडफ्रेड यानें उपाय शोधला. विटेच्या पोटांत त्यानें पोकळ नळ्या बसविल्या. खालच्या विटेवरचीं बोंडें वरच्या विटेची भिंत आणि या नळ्या यांच्यामध्यें चिमटल्यासारखीं धरलीं जाऊं लागलीं. २८ जानेवारी १९५८ रोजीं या युक्तीच्या पेटंटासाठीं अर्ज करण्यांत आला. त्याच वर्षीं ओले कर्क वारला. दोन वर्षांनीं लांकडी खेळण्यांच्या कोठाराला आग लागली आणि कारखान्यानें लांकडाचा मार्ग कायमचा सोडला.

युक्ति दिसण्यांत क्षुल्लक, परंतु तिचे परिणाम मोठे. त्या सालची वीट आजच्या विटेवर नेमकी बसते. म्हणजे आजोबांच्या लहानपणची वीट नातवाच्या मोटारींत उपयोगी पडूं शकते. आठ बोंडांच्या एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारांनीं जोडतां येतात. तीन विटा घेतल्या तर हे प्रकार १०६० होतात. सहा विटांचे प्रकार गणित्यांनीं मोजले, तेव्हां संख्या आली ९१,५१,०३,७६५. सहा विटा मुलाच्या एका मुठींत मावतात. त्या मुठींत नव्वद कोटींहून अधिक शक्यता असतात, हें कळल्यावर खेळणें या शब्दाचा अर्थ थोडा मोठा होतो.

मोटार मात्र अजून या विटांत आली नव्हती. विटा घरासाठीं, गाडीला चाक हवें. तें १९६२ सालीं आलें. विटेवर बसेल असें लहानसें चाक आणि त्याला रबराची धांव. तेव्हांपासून ठोकळ्यांचीं घरें जागच्या जागीं राहिलीं आणि ठोकळ्यांच्या गाड्या घरभर फिरूं लागल्या. याच सुमारास, म्हणजे १९६४ पासून, पेटींत चित्रांची पुस्तिका येऊं लागली. पहिलें पाऊल हें, दुसरें हें, शेवटीं अशी गाडी. शब्द नाहींत, नुसतीं चित्रें. त्यामुळें कोणत्याहि भाषेच्या मुलाला तीं समजत. पण त्या दिवसापासून ठोकळ्यांच्या पेटींत दोन वाटा झाल्या. एक वाट मुलाच्या मनांतून निघणारी आणि दुसरी पुस्तिकेंतून निघणारी. आजोबांच्या शंकेचें मूळ या ठिकाणीं आहे.

चित्रपटांतील मोटार खेळणें होऊन बाजारांत आली तीहि याच दशकांत. १९६४ च्या 'गोल्डफिंगर' या चित्रपटांत जेम्स बाँड या गुप्तहेराची अॅस्टन मार्टिन मोटार होती. १९६५ च्या ऑक्टोबरांत इंग्लंडांतील कॉर्गी या खेळण्यांच्या कारखान्यानें तिची धातूची लहान प्रतिकृति काढली. बटण दाबलें कीं छप्पर उघडे आणि आंत बसलेला मनुष्य बाहेर फेंकला जाई. पडद्यावरची मोटार रुपेरी होती. खेळण्याला मात्र सोनेरी रंग दिला होता. रोहसेनाची सोन्याची गाडी जणुं हजारों मैलांचा आणि कित्येक शतकांचा प्रवास करून इंग्लंडच्या दुकानांत उभी राहिली! ती लाखांनीं खपली. पण ती सर्वस्वीं तयार वस्तु होती. मुलानें बटण दाबावें, माणूस फेंकावा, तो पुन्हां शोधून आणावा. याहून तिच्यांत मुलाला कांहीं करावयाचें नव्हतें.

ठोकळ्यांच्या कारखान्यानें चित्रपटावरचे संच बाजारांत आणले ते १९९९ सालीं, 'स्टार वॉर्स' चित्रपटमालिकेचे. कारखान्यांतच या गोष्टीला विरोध होता. युद्धाचें नांव असलेली पेटी मुलांना द्यावी काय, असा प्रश्न तेथील जुन्या मंडळींना पडला होता. परंतु खप मोठा झाला आणि मार्ग मोकळा झाला. पुढें मोटारी आल्या. काळांतून मागेंपुढें जाणारी 'बॅक टु द फ्यूचर' चित्रपटांतील डिलॉरियन २०१३ सालीं आली. ती तर एका चाहत्याच्या सूचनेवरून निघाली. बाँडची अॅस्टन मार्टिन २०१८ सालीं १,२९५ तुकड्यांत आली. १९८९ च्या चित्रपटांतील बॅटमॅनची काळी लांबलचक गाडी २०१९ सालीं ३,३०६ तुकड्यांत, 'घोस्टबस्टर्स'ची रुग्णवाहिकेसारखी गाडी २०२० सालीं २,३५२ तुकड्यांत आणि डिलॉरियन पुन्हां २०२२ सालीं १,८७२ तुकड्यांत. हे आंकडे पाहिल्यावर एक गोष्ट सहज ध्यानांत येते. हीं सगळींच खेळणीं मुलांसाठीं नाहींत. यांपैकीं मोठ्या पेट्यांवर सोळा किंवा अठरा वर्षांपुढील वय छापलेलें असतें. बालपणीं पाहिलेल्या चित्रपटाची आठवण प्रौढाला विकणें, हा एक निराळाच व्यापार आहे. आठ वर्षांच्या मुलासाठीं त्याच अॅस्टन मार्टिनची २९८ तुकड्यांची लहान पेटी २०२२ सालीं निघाली. तिचें चित्र तेंच, कथा तीच. परंतु मुलाच्या बोटांना आणि धीराला झेपेल एवढेंच काम तिच्यांत आहे. वाढदिवसाच्या भेटीसाठीं पेटी निवडणाऱ्यानें चित्राच्या आकर्षणाआधीं हा वयाचा आंकडा वाचावा.

आतां मूळ आक्षेपाकडे वळावें. चित्रपटांतील गाडीचा संच हा बांधणीच्या खेळाचा ऱ्हास आहे, असें म्हणणारे शिक्षणप्रेमी पुष्कळ आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, फ्रोबेलच्या आठ घनांत गाडी नव्हती, घर नव्हतें, पूल नव्हता. म्हणूनच सर्व कांहीं होतें. या पेटींत एकच गाडी आहे. म्हणून दुसरें कांहीं नाहीं. कथा दुसऱ्याची, आकार दुसऱ्याचा, क्रमहि दुसऱ्याचा. मुलाचें काय, तर केवळ बोटें. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें कोण म्हणेल? पुस्तिकेप्रमाणें गाडी बांधून ती कांचेच्या कपाटांत ठेवली, धूळ बसूं नये म्हणून मुलालाच तिला हात लावण्याची बंदी केली, तर तो आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो. अशी गाडी म्हणजे सोन्याचीच गाडी. तिची किंमत मोठी, आणि तिच्यांत मुलाचा हक्क थोडा.

तरीहि या आक्षेपाला पुण्याच्या गल्लीगल्लींत एक उत्तर दर वर्षीं उभें राहतें. दिवाळीची सुटी लागली कीं मुलें किल्ला करतात. दगड, विटा, माती गोळा होते. पोतीं चिखलांत भिजवून त्यांचे डोंगर होतात. अळीव आणि मोहरी पेरून हिरवळ येते. कुंभारवाड्यांतून मावळे, तोफा आणि सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज येतात. कर्वेनगरांतील सोसायट्यांच्या आवारांतहि हा उद्योग चालतो. या खेळांत कथा मुलांची नाहीं. ती इतिहासाची आहे. आकारहि ठरलेला, किल्ला रायगडाचा, सिंहगडाचा कीं प्रतापगडाचा, हें आधींच जाहीर केलेलें असतें, आणि बालेकिल्ला चुकला तर मोठीं माणसें तो चुकला असें सांगतातहि. म्हणजे हाहि एका ठरलेल्या कथेचा संचच झाला. पण म्हणून कोणी असें म्हणेल काय कीं, या मुलांनीं कांहीं निर्माण केलें नाहीं? वाघ मावळ्याहून मोठा, तळ्यांत प्लॅस्टिकचें बदक आणि पायथ्याशीं घरांतली एक मोटारहि उभी. शिवकालांत मोटार कोठून आली, हें विचारणाऱ्याला मुलें उत्तर देत नाहींत. कथा ठरलेली असली तरी मूल तिच्यांत आपली जागा करून घेतें. शिवाय किल्ला कायम ठेवण्यासाठीं केलेला नसतो. दिवाळी सरली, तुळशीचें लग्न लागलें कीं तो मोडतो. विटा विटांच्या जागीं जातात, आणि पुढच्या वर्षीं त्याच विटांचा दुसरा गड होतो.

चित्रपट आणि जोडकाम यांची गांठ महाराष्ट्रांत फार पूर्वीं पडली होती, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. दादासाहेब फाळके यांनीं १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' नांवाचा एक लहान चित्रपट केला. त्यांत आगपेटींतील काड्या आपण होऊन हालत आणि निरनिराळ्या आकृति धारण करीत. एकेक काडी किंचित् सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचें, पुन्हां काडी सरकवावयाची, पुन्हां चित्र. अशा चिकाटीनें तो केलेला होता. तो चित्रपट आज उपलब्ध नाहीं. पण साध्या काड्यांत जिवंतपणा भरण्याची ती दृष्टि उरली. आणि पुढें पुण्यांतच तिला निराळ्या क्षेत्रांत फळ आलें. टेल्कोच्या पुण्यांतील कारखान्यांत मालमोटारी बनविण्याच्या कामांत असलेले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ सालीं मध्य प्रदेशांतील होशंगाबाद येथील विज्ञानशिक्षणाच्या उपक्रमांत गेले. तेथें त्यांनीं सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे लहान तुकडे करून त्यांत आगकाड्या खोंचल्या. नळी हा सांधा आणि काडी हा दांडा. चौकोन केला तर तो डगमगतो, त्रिकोण केला तर तो ताठ राहतो. पूल आणि घराचें छप्पर त्रिकोणांवर कां उभें करतात, हें मुलाला न सांगतां कळतें. २००३ पासून अनेक वर्षें पुण्यांतील आयुकाच्या आवारांतल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रांत त्यांनीं असलीं खेळणीं केलीं आणि शिकविलीं. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. या आगकाड्यांच्या संचाची किंमत कांहीं आण्यांत मोजण्याजोगी होती.

त्याआधीं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर हीच गोष्ट दाखवून दिली होती. माँटेसोरींचीं परदेशी साधनें आदिवासी पाड्यांतील मुलांना कोठून मिळणार? म्हणून त्यांनीं शिंपले, बिया, काटक्या, पानें आणि माती यांतून बालवाडीचीं साधनें केलीं. सोन्याची गाडी परवडत नाहीं म्हणून मुलानें रडत बसावें असें नाहीं, आणि मातीची गाडी दिली म्हणून त्याला कमी दिलें असेंहि नाहीं, हा धडा त्या दोघींच्या कामांत आहे.

मग आजोबांनीं पेटी घ्यावी कीं घेऊं नये? पैशाची बाजूहि दृष्टीआड करून चालणार नाहीं. भारत सरकारनें २०२० सालीं परदेशी खेळण्यांवरील आयातकर वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर नेला आणि २०२३ सालीं सत्तर टक्क्यांवर. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानकाची खूण सक्तीची झाली. त्यामुळें परदेशी पेटी महाग पडते, आणि स्वस्त नकली पेटी घेतांना तिच्यावर ती खूण आहे कीं नाहीं हें पाहावें लागतें. नकली विटेचा मोठा दोष असा कीं, तिचें माप जरासें चुकलेलें असतें. ती घट्ट बसत नाहीं, आणि मूल आपल्याच हाताला दोष देतें. मुलाच्या मनाला लागणारी ही ठेंच पैशाच्या हिशेबांत दिसत नाहीं.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट पेटी घेतल्यानंतरची आहे. चित्रपटांतील गाडीचा संच देणारा एकाच वेळीं तीन गोष्टी देत असतो. एक, गोष्ट, दुसरी, कृति, तिसरी, ठोकळे. गोष्ट चित्रपटाची, ती दोन-चार महिन्यांत जुनी होते. कृति पुस्तिकेची, ती एका रविवारीं संपते. ठोकळे मात्र मुलाचे, आणि ते संपत नाहींत. म्हणून भेटीची खरी परीक्षा वाढदिवसाच्या संध्याकाळीं नसते. ती होते महिन्या-दोन महिन्यांनीं, जेव्हां मूल गाडी मोडावयास निघतें. त्या क्षणीं घरांतील मोठ्या माणसाच्या तोंडून "अरे, एवढी महागाची गाडी मोडूं नकोस!" असें निघालें, तर आजोबांनीं सोन्याची गाडी दिली असें समजावें. तें वाक्य गिळलें, तर त्याच पेटींतून पुढें काय निघेल हें सांगतां येत नाहीं. कदाचित् बाँडच्या मोटारीचीं चाकें लाल एस्टीला लागतील, आणि १ जून १९४८ रोजीं पुण्याहून नगरला निघालेल्या पहिल्या गाडीचा प्रवास कर्वेनगरांतल्या दिवाणखान्यांत पुन्हां एकदां सुरू होईल.

'मृच्छकटिका'तील तो प्रवेश या दृष्टीनें पुन्हां पाहण्यासारखा आहे. रोहसेनावर दोघींचेंहि प्रेम होतें. रदनिकेनें त्याला मातीची गाडी करून दिली. वसंतसेनेनें सोन्याची गाडी करण्यापुरतें सोनें दिलें, पण गाडी घडविणार होता तो सोनार. मातीचा गोळा त्या मुलाच्या हातांत कोणीच दिला नाहीं. तो दिला असता, तर गाडी कदाचित् वांकडी झाली असती, तिचीं चाकें सारखीं झालीं नसतीं. परंतु शेजाऱ्याची गाडी परत गेल्याचें दुःख तरी तो मुलगा हात मळवितां मळवितां विसरला असता.